मणीकामासाठी नायलॉनचा दोरा: निवडीपासून शेवटच्या गाठीपर्यंत

माळ ओवून झाली, गळ्यात घातली आणि महिन्याभरात मण्यांच्या मधून दोरा डोकावायला लागला. विणताना कडक वाटलेला पट्टा आता मऊ पडला. गाठ सुटली आणि मणी घरभर झाले. नायलॉनवर काम करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. बहुतेकजण दोऱ्याला दोष देतात आणि दुसरं रीळ आणतात. त्या रिळाचंही तेच होतं, कारण चूक पहिला मणी ओवण्याआधी झालेली असते.

नायलॉन ताणला जातो, हा त्याचा स्वभावच आहे. ती लांबण तुम्ही हाताने आधी काढायची की मण्यांच्या वजनाने नंतर निघू द्यायची, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून या लेखात ओवण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीवर जास्त भर आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पुढचा टप्पा आधी उरकून मागे येता येत नाही.

## टप्पा १: आधी मणी तपासा

दोरा निवडायला बसण्याआधी मणी ताटलीत ओता आणि चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

भोक. बारीक काचमण्यांच्या मापात आकडा जितका मोठा, मणी तितका लहान. १५/० चा मणी साधारण दीड मिलिमीटरचा, ११/० चा दोनच्या आसपास, ८/० चा तीन आणि ६/० चा चार मिलिमीटरचा. पण बाहेरच्या मापावरून भोक कळत नाही. एकाच पुडीतल्या दोन मण्यांची भोकंही वेगळी निघतात, आणि रंगाचा किंवा धातूचा मुलामा असलेल्या मण्यांत ती बरेचदा अरुंद झालेली असतात. खऱ्या मोत्यांची भोकं तर फारच बारीक असतात. तुमच्या कामातल्या सगळ्यांत अरुंद भोकाचा मणी शोधा. दोरा त्याच्या मापाने घ्यायचा, सरासरी मण्याच्या नाही.

फेऱ्या. एका मण्यातून दोरा किती वेळा जाणार? साध्या माळेत एकदा किंवा दोनदा. पेयोट, ब्रिक किंवा हेरिंगबोन या सुईने मणी विणायच्या पद्धतींत प्रत्येक मण्यातून किमान दोनदा. कडेच्या मण्यांतून त्याहून जास्त, कारण दोरा तिथेच वळतो, तिथेच लपवला जातो आणि कडीही तिथेच बसते. टोकाच्या मण्यात पाच-सहा फेऱ्या होणं अगदी नेहमीचं आहे. हा आकडा बहुतेकजण मोजतच नाहीत, आणि शेवटच्या ओळीत सुई अडकली की मणी फोडून मोकळे होतात.

कडा. नळीमणी, पैलू पाडलेले स्फटिक आणि धातूचे मणी यांच्या भोकाची कड धारदार असते. नायलॉनला वजनापेक्षा या धारेची भीती जास्त. तपासायची रीत सोपी आहे: टाकाऊ दोऱ्याचा तुकडा मण्यातून घालून वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे ओढा. मग उजेडात धरा. दोऱ्यावर लव आली असेल तर हा मणी दोरा कापणार, हे नक्की.

वजन. तयार वस्तूचे सगळे मणी एका मुठीत घ्या. हात खाली ओढला जात असेल, म्हणजे जड दगड किंवा भरीव धातूचे मणी असतील, तर नायलॉनचा हट्ट सोडा आणि मुलामा दिलेली पोलादी तार वापरा. नायलॉनने सगळं होतं असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

> सावधान: धारदार मणी वापरायचेच असतील तर प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक काचमणी ओवा. दोरा धारेवर न वळता त्या गुळगुळीत मण्यावर वळतो. मण्याची कड कानस मारून गुळगुळीत करायला जाऊ नका. काचेची कपची उडते आणि धार आणखी वाढते.

## टप्पा २: नायलॉनचा प्रकार ठरवा

रिळावर फक्त नायलॉन लिहिलेलं असतं, पण आत तीन अगदी वेगळ्या वस्तू असू शकतात.

तंगूस. हा एकाच सलग तंतूचा, काचेसारखा पारदर्शक आणि ताठ असतो. सुईशिवाय ओवता येतो, म्हणून नवशिके हाच उचलतात. माझ्या मते विणकामासाठी हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. रिळावरचं वेटोळं त्याच्या अंगात राहतं, गाठ त्यावर घसरते आणि उन्हात तो हळूहळू ठिसूळ होतो. मणी हवेत तरंगल्यासारखे दाखवायचे असतील, तिथे मात्र तो शोभतो. तेव्हा गाठीऐवजी दाबमणी वापरा, म्हणजे दोऱ्याभोवती पक्कडीने चेपायचा धातूचा बारीक मणी. वेटोळं काढायला तंगूस काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग दोन्ही हातांनी ताणून धरा. गाठ मारावीच लागली तर आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू गाठीपाशीच दुबळा होतो.

सरळ तंतूंचा दोरा. यात अनेक बारीक तंतू जवळजवळ पीळ न देता शेजारी शेजारी असतात. निमो हे यातलं सगळ्यांत परिचित नाव. तो चपटा होतो, त्यामुळे बारीक नेढ्यातून सहज जातो आणि मऊ असल्याने वीण कापडासारखी पडते. उणेपण दोन: तो जास्त ताणला जातो आणि त्याचे तंतू लवकर विस्कटतात. ताणून आणि मेण लावून घेतल्याशिवाय हा दोरा वापरूच नका. मियुकी, के.ओ. आणि वन-जी हेही बारीक विणीसाठीचे नायलॉनचेच दोरे आहेत. त्यातल्या काहींना आधीच मेणाचा हात दिलेला असतो, तेवढं रिळावर वाचून घ्या.

पिळाची दोरी. यात पदरांना घट्ट पीळ देऊन त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा लेप दिलेला असतो. सी-लॉन आणि एस-लॉन या नावांनी मिळणाऱ्या दोऱ्या या गटातल्या. ही गोल, मजबूत आणि गाठ छान धरणारी असते. गाठी मारलेल्या माळा, मॅक्रमे (दोरीच्या गाठींचं विणकाम) आणि मोठ्या भोकाच्या मण्यांसाठी हीच घ्या. बारीक काचमण्यांच्या विणीत मात्र ती फार जागा खाते.

मणीकामाच्या सामानात फायरलाइनचं रीळही शेजारीच ठेवलेलं असतं. तो नायलॉन नाही, पॉलिएथिलीनचा आहे. तो जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून खाली दिलेली ताणायची कृती त्याला लागू नाही.

## टप्पा ३: जाडी

इथे गोंधळ होतो तो मापांच्या तीन भाषांमुळे. काही रिळांवर अक्षरं असतात, काहींवर टेक्स किंवा डेनिअर, तर काहींवर मिलिमीटर.

निमोमध्ये ००० सगळ्यांत बारीक. मग ००, ०, आणि पुढे बी, डी, एफ असा तो जाड होत जातो. हीच अक्षरं दुसऱ्या नावाच्या रिळावर असली तरी जाडी तीच असेल असं मानू नका. टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन आणि डेनिअर म्हणजे ९,००० मीटरचं. त्यामुळे टेक्सला ९ ने गुणलं की डेनिअर मिळतो. दोन वेगळ्या नावांच्या रिळांची तुलना करायला हा आकडा अक्षरापेक्षा कितीतरी भरवशाचा. अंदाजासाठी सांगायचं तर २१० टेक्सची पिळाची दोरी साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते.

सुरुवात इथून करा (मापं निमोची आहेत):

- १५/० च्या मण्यांना ०० किंवा ०, एकेरी
- ११/० च्या विणीला बी एकेरी. फेऱ्या कमी असतील तर डी
- ८/० ला डी, एकेरी किंवा दुहेरी
- ६/० आणि मोठ्यांना डी दुहेरी, नाहीतर पिळाची बारीक दोरी

हा आरंभ आहे, निकाल नाही. निकाल नमुन्यावर ठरतो. दहा मणी रुंद आणि दहा ओळी लांब एवढा तुकडा विणा. कडेच्या एका मण्यातून टप्पा १ मध्ये मोजलेल्या सगळ्या फेऱ्या प्रत्यक्ष करून बघा. दोरा फार बारीक असेल तर मणी दोऱ्यावर डुलतात आणि ओळी वाकड्या पडतात. फार जाड असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच सुई अडते. भोक बऱ्यापैकी भरलेलं आणि तरी शेवटची फेरी बोटांच्या जोराने होते, अशी जाडी हवी.

> तपासा: नमुना उचलून एका कडेला धरा. तो तुम्हाला हवा तेवढा ताठ किंवा लवचीक आहे का? नसेल तर जाडी आत्ताच बदला. अर्धा पट्टा झाल्यावर ताण वाढवून हे दुरुस्त होत नाही.

एकेरी की दुहेरी, यावरही मत देतो. दुहेरी दोरा मजबूत असतो, पण चूक झाली की उसवता येत नाही. सुई दोन पदरांच्या मधून गेलेली असते आणि सगळं एकमेकांत अडकतं. विणकाम शिकत असाल तर एक माप जाड दोरा एकेरीच वापरा.

## टप्पा ४: सुई आणि रंग

मण्यांच्या सुयांचे आकडेही उलटे चालतात: १० नंबर जाड, १२ बारीक, १३ आणि १५ त्याहून बारीक. ११/० ला १० किंवा १२, १५/० ला १२ किंवा १३. दोन जाडींच्या सुया जवळ ठेवा. बहुतेक काम जाड सुईने करा, ती वाकत नाही. शेवटच्या अडचणीच्या फेऱ्यांना बारीक सुई घ्या. अडचणीची जागा सुईच्या टोकाला नसते, नेढ्यापाशी असते, कारण तिथे सुईची जाडी आणि दोऱ्याचे दोन पदर एकत्र येतात.

रंगाचा विचार पारदर्शक मण्यांपुरता गंभीरपणे करा. त्यांच्या पोटातला दोरा दिसतो आणि अख्ख्या वस्तूचा रंग बदलतो. पांढऱ्या दोऱ्यावर ते उजळतात, काळ्यावर खोल आणि मळकट दिसतात. अपारदर्शक मण्यांना मिळताजुळता राखाडी किंवा मातकट रंग बहुधा खपून जातो. गडद दोरा घेतलात तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर एक तुकडा घासून बघा. रंग सुटत असेल तर फिक्या मण्यांबरोबर तो दोरा वापरू नका.

## टप्पा ५: कापणं, ताणणं, मेण लावणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा वगळला जातो आणि पहिल्या परिच्छेदातल्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

५.१ रीळ फिरवून दोरा काढा. रीळ उभं ठेवून वरच्या टोकाने दोरा ओढला तर प्रत्येक वेढ्याबरोबर त्यात एक जास्तीचा पीळ पडतो. तोच पीळ पुढे गुंता होऊन त्रास देतो. रीळ पेन्सिलीत अडकवा आणि फिरू द्या.

५.२ लांबी. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं, साधारण दीड मीटर, तेवढाच दोरा कापा. नवा दोरा जोडायचा कंटाळा म्हणून लोक तीन-तीन मीटर घेतात. मग सुरुवातीच्या मण्यांतून ओढला जाणारा दोरा शंभर वेळा घासला जातो आणि पट्ट्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याला लव आलेली असते. जोड देणं पाच मिनिटांचं काम आहे. झिजलेला दोरा मात्र विणीत कायमचा राहतो.

५.३ ताणा. दोऱ्याचा हातभर भाग दोन्ही मुठींत धरा, एकसारखा जोर लावून ओढा आणि पाच-सहा सेकंद तसाच धरा. झटका देऊ नका. मग हात पुढे सरकवून पुढचा हातभर भाग ताणा. पुढचा भाग मागच्या भागावर थोडा चढवून घ्या, म्हणजे मधे न ताणलेला तुकडा राहत नाही. रिळावरची वळणं जाऊन दोरा सरळ लोंबायला लागला की झालं. ताणताना एखाद्या जागी तुटला तर वाईट वाटून घेऊ नका. ती दुबळी जागा आत्ता सापडली, गळ्यात असताना नाही. बारीक दोरा बोटं कापतो, तेव्हा तर्जनीभोवती वेढा न देता मुठीत पकडा.

५.४ मेण. मधमाशांच्या मेणाच्या वडीवर दोरा अंगठ्याने दाबून ओढा. दोनदा, एकाच दिशेने. मग कोऱ्या कागदाच्या घडीतून किंवा दोन बोटांमधून जोरात ओढा. बोटांच्या उबेने मेण तंतूंत शिरतं आणि जादाचं निघून जातं. मेणाने तंतू एकत्र राहतात, दोरा किंचित चिकट होतो आणि विणीतला ताण धरून ठेवतो. ताठ वीण हवी तिथे मेण हवंच. झालर किंवा लोंबत्या सरींसारखं खेळतं काम असेल तर अगदी हलका हात द्या, नाहीतर सरी कडक होतात.

क्रम महत्त्वाचा: आधी ताण, नंतर मेण. आधी मेण लावलंत तर दोरा मुठीतून घसरतो आणि ताणणं नावापुरतं होतं. बांधलेला लेप असलेल्या पिळाच्या दोरीला मेणाची गरज नसते, ताणायची मात्र असते.

> तपासा: मेण लावलेला दोरा नखावरून ओढा. नखावर पांढरे कण जमले तर मेण जास्त झालंय. ते मण्यांच्या भोकांत साचेल आणि पारदर्शक मणी धुरकट दिसतील. कागदातून पुन्हा ओढा.

५.५ सुईत ओवणं. टोक धारदार कातरीने तिरकं कापा आणि नखाने चपटं करा. चपटं टोक दोन बोटांच्या चिमटीत जेमतेम दिसेल एवढं धरा आणि नेढं त्यावर आणा. दोरा नेढ्यापर्यंत न्यायचा नाही, नेढं दोऱ्यापर्यंत न्यायचं. जात नसेल तर सुई उलटी फिरवून बघा, नेढ्याची एक बाजू बरेचदा जास्त गुळगुळीत असते.

## टप्पा ६: सुरुवात

पहिल्या मण्याआधी एक थांबामणी लावा. कामातल्या मण्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा एक मणी घ्या, दोऱ्याचं वीस सेंटिमीटर शेपूट सोडा आणि त्याच मण्यातून त्याच दिशेने आणखी एकदा जा. मणी दोऱ्याला धरून राहतो, पण जोर लावला की सरकतो. दुसऱ्यांदा जाताना सुई दोऱ्याच्या आरपार जाऊ देऊ नका, नाहीतर थांबामणी शेवटी काढता येणार नाही.

सुरुवातीला गाठ मारू नका. गाठ मारली की पहिल्या ओळीचा ताण नंतर सुधारता येत नाही. शिवाय ते वीस सेंटिमीटर शेपूट पुढे कडी बसवायला उपयोगी पडतं. पाच-सहा सेंटिमीटरचं शेपूट ठेवणारे शेवटी रडकुंडीला येतात, कारण तेवढ्या तुकड्यावर सुई फिरतच नाही.

## टप्पा ७: काम चालू असताना

ताण एकसारखा ठेवा. प्रत्येक टाक्यानंतर दोरा ओढा आणि पुढचा मणी ओवेपर्यंत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो दाबून धरा. दहा टाके सैल घालून मग एकदम ओढू नका. मेणाच्या दोऱ्यावर तो ओढा मागच्या टाक्यांपर्यंत पोचतच नाही. आणि दोरा ओळीच्या दिशेने ओढा. मण्याच्या कडेवर काटकोनात ओढला तर कड दोऱ्याला घासते.

दोरा फोडू नका. भरलेल्या मण्यातून परत जाताना सुईचं टोक आधीच्या दोऱ्याच्या तंतूंमधून जातं. सरळ तंतूंच्या नायलॉनमध्ये हे फारच सहज घडतं. लक्षण असं: दोरा ओढताना गुळगुळीत सरकण्याऐवजी बारीक अडथळा लागतो. तिथेच थांबा आणि सुई मागे घ्या. आधीचा दोरा घट्ट ओढून भोकाच्या एका बाजूला धरा आणि सुई दुसऱ्या बाजूने घाला. टोक जरा बोथट झालेली जुनी सुई या कामाला नव्यापेक्षा चांगली.

पीळ उतरवा. दर पंधरा-वीस टाक्यांनी काम उलटं धरून सुई मोकळी सोडा. ती गरगर फिरते आणि साचलेला पीळ निघून जातो. दोऱ्याचा फास पडलाच तर ओढू नका. फासात सुईचं टोक घालून हलकेच पसरवा. नायलॉनची गाठ एकदा आवळली की सुटणं कठीण.

नेढं सरकवा. दोरा एकाच जागी नेढ्यात घासत राहतो आणि तिथे चपटा होऊन झिजतो. अधूनमधून सुई दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे करा.

> सावधान: सुई अडली की पक्कड घेऊन ओढायचा मोह होतो. काचमणी आतून फुटतो आणि त्याची कपची दोरा कापते. पक्कड ठेवा, बारीक सुई घ्या. तरीही जात नसेल तर त्या मण्याला वळसा घालून शेजारच्या मण्यातून वाट काढा.

चूक उसवायची असेल तर सुईने उलटं जाऊ नका. सुई दोऱ्यातून काढा, सुईच्याच टोकाने एकेक टाका उचलून दोरा मागे ओढा आणि मग पुन्हा सुईत ओवा. उसवलेल्या भागाचं मेण निघालेलं असतं, तो परत वडीवरून फिरवा. लव आली असेल तर तेवढा दोरा सोडून द्या.

## टप्पा ८: नवा दोरा जोडणं

हातात पंधरा ते वीस सेंटिमीटर दोरा उरला की थांबा. शेवटच्या टाक्यापर्यंत ओढाताण करू नका. नव्या दोऱ्यालाही ताण आणि मेण आधी द्या. जोडाच्या दोऱ्याला तयारी न केल्यामुळे पट्टा बरोबर तिथेच सैल पडलेला मी वारंवार बघतो.

1. जुना दोरा तसाच लोंबता ठेवा. तो खुणेचा आहे: शेवटी कुठल्या मण्यातून, कुठल्या दिशेने बाहेर आलो ते तो दाखवतो.
2. नवा दोरा सात-आठ मणी मागून, विणीच्या आत घाला. शेपूट दहा सेंटिमीटर.
3. विणीत दोरा जसा गेलाय त्याच वाटेने जा आणि किमान दोनदा दिशा बदला. दिशा बदलल्यानेच दोरा धरून राहतो. सरळ रेषेत वीस मणी गेलात तरी तो निसटेल.
4. मधे दोन मण्यांच्या बेचक्यात एक-दोन अर्ध्या गाठी मारा: सुई विणीतल्या दोऱ्याखालून घाला, जो फास तयार होतो त्यातून काढा, ओढा.
5. जुना दोरा जिथून बाहेर आलाय त्याच मण्यातून, त्याच दिशेने बाहेर या आणि काम पुढे चालू करा.
6. सात-आठ टाके झाल्यावर जुनं शेपूट याच रीतीने लपवा.

ज्या मण्यांतून पुढे पुन्हा जायचं आहे त्यांच्या तोंडाशी गाठ मारू नका. ती गाठ ओढली जाऊन भोकात बसते आणि वाट बंद होते. कडेचे मणीही टाळा.

## टप्पा ९: शेवटची गाठ, गोंद आणि ज्योत

शेवट करायची खरी ताकद दोरा विणीत मागे फिरवण्यात आहे. गाठ त्याला आधार देते, गोंद गाठीला. बरेचजण उलटं करतात: एक गाठ, वर भरपूर गोंद, आणि काम संपलं. नायलॉन गुळगुळीत असल्याने अशी गाठ महिन्या-दोन महिन्यांत उकलते.

माळेच्या टोकाला दोन पदर बांधायचे असतील तर साधी निरगाठ पुरत नाही. पहिल्या वेढ्यात दोरा दोनदा फिरवा, आवळा, आणि दुसरा वेढा उलट दिशेने घाला. दोनदा फिरवल्याने पहिला वेढा आवळलेलाच राहतो, दुसरा घालेपर्यंत सैल होत नाही. मग दोन्ही शेपटं शेजारच्या चार-पाच मण्यांतून मागे न्या आणि टप्पा ११ मधली लोंबती ठेवायची परीक्षा झाल्यावरच कापा.

गोंद: झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. तो वाळून कडक होतो, दोरा जिथे कडक भागातून मऊ भागात येतो तिथे वाकून वाकून तुटतो, आणि मण्यावर पांढरट डाग पडतात ते वेगळंच. दागिन्यांसाठीचा, वाळल्यावर लवचीक राहणारा गोंद घ्या. तो नसेल तर पारदर्शक नेलपॉलिश. सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब गाठीवर, आणि रात्रभर वाळू द्या.

ज्योत: नायलॉन प्रकाराप्रमाणे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून कापलेलं टोक उष्णतेने बंद करता येतं. दीड-दोन मिलिमीटर टोक ठेवून कापा आणि ज्योतीच्या बाजूला, निळ्या भागाजवळ न्या. ज्योतीत घालू नका. टोक स्वतःच आकसून बारीक गोळी होते. टोक बंद करायची विजेवरची लेखणी मिळते, तिने हे काम जास्त नेमकं होतं.

> सावधान: वितळलेला नायलॉन त्वचेला चिकटून भाजतो. गोळी बोटाने दाबू नका. केस बांधा आणि काम खिडकीजवळ करा. प्लास्टिकचे, मुलामा दिलेले मणी किंवा मोती असतील तर ज्योत वापरूच नका. तिथे शेपूट लपवून कापणं हाच मार्ग.

थंड झालेली गोळी टोचरी असते. ती मानेला किंवा मनगटाला लागणार नाही अशा बाजूला, शक्यतो मण्याच्या तोंडात जाईल अशी ठेवा.

## टप्पा १०: मण्यामण्यांत गाठ मारायची असेल तर

हे काम बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, कारण इथे दोरा गाठींत खर्च होतो आणि तो मोजल्याशिवाय कापला की हमखास कमी पडतो. ठोकताळ्यापेक्षा मोजमाप बरं. दोऱ्यावर दहा सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा, मधे पाच गाठी आवळा आणि खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा. कमी झालेल्या लांबीला पाचने भागलं की एका गाठीचा खर्च कळतो.

समजा तो सात मिलिमीटर निघाला आणि सहा मिलिमीटरच्या मण्यांची ४५ सेंटिमीटरची माळ करायची आहे. प्रत्येक गाठ माळेत मिलिमीटरभर जागा घेते असं धरलं तर साधारण ६४ मणी आणि ६५ गाठी होतात. गाठींना साडेपंचेचाळीस सेंटिमीटर, माळेची लांबी ४५, दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटिमीटर शेपूट: एकूण साधारण एकशे तीस सेंटिमीटर. दुहेरी ओवत असाल तर याच्या दुप्पट.

गाठ मण्याच्या भोकापेक्षा मोठी हवी. नमुन्याच्या गाठीवर मणी ढकलून बघा. तो गाठीवरून सरकला तर दोरा एक माप जाड घ्या, नाहीतर दुहेरी करा. दोन गाठी एकावर एक मारून जाडी वाढवू नका, त्या मण्याच्या एका बाजूला झुकतात.

गाठ मारताना सैल फास करा, त्यात आर (टोकदार टोचणी) घाला आणि आरेच्या टोकाने फास मण्याला भिडेपर्यंत सरकवा. मग दोरा ओढता ओढता आर काढा. दुहेरी दोरा असेल तर शेवटी दोन्ही पदर एकमेकांपासून दूर ओढा, गाठ मण्याला आणखी चिकटते. गाठ मध्येच आवळली गेली तर ती उलगडण्यात डोळे शिणवू नका. तिथपर्यंतचे मणी सोडवून नवा दोरा घेणं बहुतेक वेळा लवकर होतं.

## टप्पा ११: घालण्याआधीची परीक्षा आणि नंतरची काळजी

तयार माळ आकड्याला अडकवून रात्रभर लोंबती ठेवा. सकाळी मण्यांमध्ये फट दिसली तर ताणणं कमी पडलं होतं. मणी पुन्हा ओवणं हाच उपाय आहे. वरून गाठ घट्ट करून फट जात नाही. ही परीक्षा शेपटं कापण्याआधी करा, म्हणजे निदान कडीपाशी सुधारणा करायला दोरा हाताशी राहतो.

नायलॉन थोडं पाणी शोषतो. ओला असताना तो किंचित लांब आणि दुबळा होतो, म्हणून अंघोळीला किंवा पोहायला जाताना वस्तू काढून ठेवा. क्लोरिनचं ब्लीच आणि तीव्र आम्लं त्याला खातात. पुसायची झाली तर ओलसर फडकं, आणि पूर्ण वाळेपर्यंत सपाट जागी आडवी. उन्हात टांगू नका. रीळसुद्धा खिडकीत ठेवू नका. वर्षानुवर्षं उजेडात पडलेल्या रिळाचे वरचे चार-पाच वेढे काढून टाका आणि आतला दोरा ताणून बघूनच वापरा.

रोज घालायची माळ असेल तर कडीजवळचे दोन-तीन सेंटिमीटर दर काही महिन्यांनी उजेडात तपासा. पहिली लव तिथेच येते. ती दिसली की तुटायची वाट न बघता मणी क्रमाने ताटलीत काढा आणि नव्या, ताणलेल्या दोऱ्यावर ओवून घ्या.